करारात लपलेला आराखडा

गुरुग्रामला समुद्र नाही. मुंबईच्या किनाऱ्यापासून हे शहर हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही भारताच्या किनाऱ्याभोवती फिरणाऱ्या जहाजांवर ज्या पडद्यांवरून नजर ठेवली जाते, ते पडदे याच शहरात आहेत. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी, संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना, मनोहर पर्रीकर यांनी तेव्हाच्या गुडगावात नौदलाच्या माहिती व्यवस्थापन व विश्लेषण केंद्राचे, म्हणजे ‘आयमॅक’चे, उद्घाटन केले. पुढे २२ डिसेंबर २०१८ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी येथेच हिंद महासागर क्षेत्रासाठीच्या माहिती-समन्वय केंद्राचे उद्घाटन केले. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराची ही दुसरी ओळख फारशी कोणाला ठाऊक नसते.

‘आयमॅक’चा जन्म मुंबईच्या जखमेतून झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका पळवून दहशतवादी मुंबईपर्यंत पोहोचले. त्यानंतरच्या चौकशीत आणि चर्चेत एक गोष्ट वारंवार पुढे आली. माहितीचे तुकडे अनेकांकडे होते. ते एका टेबलावर एकत्र मांडण्याची व्यवस्था कोणाकडेच नव्हती. म्हणून नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१ अशी ५१ केंद्रे एका जाळ्यात जोडण्याचे ठरले. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने सुमारे ४५० कोटी रुपये खर्चाचे हे जाळे उभे केले आणि त्याचा मध्यबिंदू गुरुग्राममध्ये ठेवण्यात आला. किनाऱ्यावरील रडार, जहाजांच्या ओळख-संदेशांची यंत्रणा आणि इतर स्रोत यांतून येणारी माहिती येथे एकत्र येते, ताडून पाहिली जाते आणि संशयास्पद हालचाल वेगळी काढली जाते.

आता या जाळ्याचा विस्तार व्हायचा आहे. नौदल व तटरक्षक दल यांच्यापुरती असलेली ही व्यवस्था विविध मंत्रालये आणि किनारपट्टीची राज्ये यांना सामावून घेणाऱ्या राष्ट्रीय सागरी जाणीव प्रकल्पात परिवर्तित करण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आहे. उद्दिष्टाबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. अडचणीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो केवळ या एका प्रकल्पाचा नाही. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर-प्रणालीची रचना कशी असावी हे आपल्याकडे कोण ठरवते? अभियंते, की निविदेचा मसुदा लिहिणारा कक्ष?

अभियंते ज्याला ‘आर्किटेक्चर’ म्हणतात, ती प्रणालीची मूळ रचना असते. प्रणालीचे भाग कोणते, प्रत्येकाची जबाबदारी कोणती, ते एकमेकांशी कोणत्या ठरलेल्या भाषेत बोलतील, उद्या एक भाग बदलायचा झाला तर बाकीचे भाग न हलवता तो बदलता येईल का, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे ही रचना. खरेदीचे धोरण म्हणजे काम एका कंपनीला द्यायचे की अनेकांना, किंमत आधीच बांधायची की टप्प्याटप्प्याने, पैसे कशाच्या बदल्यात द्यायचे, करार किती वर्षांचा आणि तो संपल्यावर पुढे काय, याचा निर्णय. सरकारी व्यवस्थेत हे दोन्ही निर्णय दोन वेगळ्या दालनांत, दोन वेगळ्या वेळी आणि परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या माणसांकडून होतात. बहुतेक वेळा खरेदीचा निर्णय आधी होतो. रचना नंतर येते, आणि तोवर तिच्यासाठी मोकळी जागा उरलेली नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘संपूर्ण प्रणाली एकाच पुरवठादाराने उभारून चालू स्थितीत सुपूर्द करावी’ असे निविदेत लिहिले, की रचनेचा एक मोठा निर्णय झालेला असतो. अशा पुरवठादाराला आपल्या प्रणालीचे भाग एकमेकांपासून सुटे ठेवण्याची गरज वाटत नाही. ते घट्ट गुंफण्यात त्याची सोय असते आणि पुढच्या कराराची निश्चितीही. कागदावर आपण ‘सुटे भाग, खुली मानके’ अशी कलमे कितीही लिहिली, तरी पैसे ज्या टप्प्यांना बांधलेले असतात त्या दिशेनेच काम वाहते. यंत्रसामग्री पोहोचली की अमुक टक्के, सॉफ्टवेअर बसवले की अमुक टक्के अशी रचना असेल, तर यंत्रसामग्री वेळेआधी पोहोचते आणि सॉफ्टवेअर ‘बसवले’ जाते. ते उपयोगी पडते की नाही हा प्रश्न कराराच्या बाहेर राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात भारतात रेल्वे आली ती खासगी कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी देऊन. परतावा निश्चित असल्याने खर्च आटोक्यात ठेवण्याचे कारण कंपन्यांना उरले नाही. लॉर्ड डलहौसी यांच्या काळात साडेपाच फुटांचा रुंद मार्ग ठरला होता. पुढे हमीचा भार असह्य झाल्यावर सरकारने स्वतः रेल्वे बांधायचे ठरवले आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत काटकसरीसाठी मीटर मार्गाचा निर्णय झाला. निर्णय खरेदीचा होता. परिणाम रचनेवर झाला. एकाच देशात दोन रुंदीचे रूळ आले. मराठी माणसाने त्याची किंमत मनमाडला आणि मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या मोजली. एका गाडीतून उतरून दुसरीत चढणे, मालाची पोती एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरणे, त्यातली फूटतूट आणि विलंब हे सारे त्या एका काटकसरीचे व्याज होते. पुणे–मिरज मार्ग रुंद व्हायला १९७१ उजाडले. मनमाडहून मराठवाड्याकडे जाणारा मार्ग रुंद होईपर्यंत १९९० चे दशक आले. रुळांची रुंदी एकसारखी करण्याची देशव्यापी मोहीम १९९२ मध्ये सुरू झाली. वाचवलेले पैसे सव्वाशे वर्षांनी, कित्येक पटींनी परत द्यावे लागले.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हेच निरीक्षण मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये नोंदवले. एखादी संस्था जी प्रणाली घडवते, तिच्यात त्या संस्थेतल्या संवादाच्या वाटांचेच प्रतिबिंब पडते, असे त्याचे म्हणणे. सरकारी प्रकल्पांत या सूत्राला एक पुरवणी जोडावी लागेल. तेथे प्रणाली कराराचे रूप घेते, कारण कोणी कोणाशी बोलायचे हे करारच ठरवतो.

आपल्याच घरातले दाखले

हे दोन निर्णय एकमेकांना धरून घेतले गेले, तर काय होते याचे उदाहरण पारपत्र सेवा केंद्रात दिसते. २००८ मध्ये या प्रकल्पासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची निवड झाली आणि २०१० मध्ये पहिली केंद्रे सुरू झाली. ज्यांनी अलीकडे पारपत्र काढले असेल त्यांना तेथील ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ या खिडक्या आठवतील. पहिल्या खिडकीवर कंपनीचा कर्मचारी कागद तपासतो, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतो. पुढच्या दोन खिडक्यांवर सरकारी अधिकारी असतात. पडताळणी आणि मंजुरी त्यांच्याच हाती. सार्वभौम अधिकार कोठे संपतो आणि सेवा कोठे सुरू होते, ही रेषा आधी ठरली. मग त्याच रेषेवरून करार कापला गेला आणि प्रणालीही त्याच रेषेवरून विभागली गेली. नागरिकाला ती रेषा दोन खिडक्यांमधल्या अंतराएवढीच जाणवते. या प्रकल्पाच्या यशाची चर्चा होताना कंपनीच्या कार्यक्षमतेचे कौतुक होते, ते योग्यच. पण रेषा योग्य जागी आखणाऱ्यांचे श्रेय त्याहून कमी नाही.

‘आधार’चे उदाहरण अधिक बोलके आहे. कोट्यवधी लोकांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा एकमेकांशी ताडून पाहून कोणाची दुहेरी नोंद होत नाही ना, हे तपासणे हा त्या प्रणालीचा गाभा. हे तंत्रज्ञान जगात मोजक्याच कंपन्यांकडे होते. एकीलाच काम दिले असते, तर पुढची अनेक वर्षे तिच्याच अटींवर राहावे लागले असते. प्राधिकरणाने २०१० मध्ये तीन पुरवठादार नेमले, तिघांशी प्रणालीने एकाच ठरावीक भाषेत बोलावे अशी रचना केली आणि अचूकता व वेग पाहून कामाची वाटणी करण्याची तरतूद ठेवली. येथे खरेदीच्या धोरणाला रचनेचा आधार होता आणि रचनेला खरेदीचा. सामायिक भाषा नसती तर तीन पुरवठादार ठेवणे अशक्य झाले असते. तीन पुरवठादार नसते तर सामायिक भाषेचे कलम कागदावरच राहिले असते. या व्यवस्थेची मर्यादाही लवकरच दिसली. २०११ मध्ये फ्रान्सच्या साफ्रान समूहाने तिघांपैकी एल-वन ही अमेरिकी कंपनी विकत घेतली. दुसऱ्या पुरवठादार-गटातील मॉर्फो ही कंपनी आधीच साफ्रानची होती. करारात तीन नावे राहिली, मालकीत स्पर्धा आकसली. खरेदीचे धोरण एकदा ठरवून कपाटात ठेवता येत नाही, बाजाराकडे सतत पाहत राहावे लागते, हा त्याचा धडा.

प्राप्तिकर विभागाच्या विवरणपत्र-संकेतस्थळाची कथा याच्या उलट बाजूने वाचावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ४,२४२ कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. विवरणपत्रे स्वीकारणारी प्रणाली आणि बेंगळुरूच्या केंद्रातील प्रक्रिया करणारी प्रणाली या दोन्ही एकत्र करून विवरणपत्राच्या प्रक्रियेचा सरासरी कालावधी ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणणे हे उद्दिष्ट होते. खुल्या निविदेत सर्वांत कमी बोली इन्फोसिसची ठरली. जून २०२१ च्या पहिल्या आठवड्यात जुने संकेतस्थळ बंद झाले आणि ७ जूनला नवे उघडले. पुढचे काही महिने करदाते व सनदी लेखापाल यांनी ज्या तक्रारी केल्या त्या सर्वांना ठाऊक आहेत. २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून घेतले आणि विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

त्या वेळची सारी चर्चा कंपनीने काय केले आणि काय केले नाही, याभोवती फिरली. जबाबदारी ठरवणे आवश्यकच होते. पण रचनेचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. कोट्यवधी लोक वापरत असलेली प्रणाली एका दिवशी बंद करून दुसरी पूर्णपणे उघडायची, हा मार्ग कोणी आणि का निवडला? नवी प्रणाली भागाभागाने आणता आली असती का? एखादे विवरणपत्र नव्या प्रणालीवर आणि बाकीची काही काळ जुनीवर, अशी व्यवस्था शक्य होती का? ती शक्य व्हायची असेल, तर दोन पिढ्यांच्या प्रणाली एकमेकांशी बोलू शकल्या पाहिजेत आणि त्या बोलण्याची तरतूद निविदा निघण्यापूर्वी झाली पाहिजे. पैशांवर सरकारचे नियंत्रण होते, हे येथे मान्य केले पाहिजे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार जानेवारी २०१९ ते जून २०२१ या काळात कंपनीला सुमारे १६४ कोटी रुपयेच देण्यात आले होते. तिजोरी सावध होती. त्या सावधगिरीने त्रास वाचला नाही, कारण पैसे रोखता येणे आणि बिघाड एका भागापुरता रोखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वस्तू व सेवा कराच्या जाळ्याने तिसराच मुद्दा शिकवला. २०११ मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील गटाने अशा प्रकल्पांसाठी स्वतंत्र संस्था उभाराव्यात, अशी शिफारस केली होती. त्यानुसार २०१३ मध्ये जीएसटीएन ही कंपनी स्थापन झाली. या संस्थेने २०१५ मध्ये इन्फोसिसशी १,३८० कोटी रुपयांचा करार केला. घटनादुरुस्ती झाली सप्टेंबर २०१६ मध्ये, केंद्रीय कायदे आले एप्रिल २०१७ मध्ये आणि कर लागू झाला १ जुलैला. म्हणजे ज्या कायद्यासाठी प्रणाली घडवायची तो कायदा अस्तित्वात येण्यापूर्वीच करार झालेला होता. कर लागू झाल्यावर काही महिन्यांतच विवरणपत्रांच्या मूळ तीन नमुन्यांपैकी दोन स्थगित करावे लागले. अशा स्थितीत ‘गरजा आधी गोठवा, मग बोली मागवा’ हा सरकारी खरेदीचा पाया हलतो. तो हलला तरी डोलारा उभा राहिला, यात बाहेरच्या सॉफ्टवेअर-कंपन्यांना जोडून घेण्यासाठी ठेवलेल्या खुल्या जोडण्यांचा आणि रचनेची मालकी स्वतःकडे ठेवणाऱ्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

तुकडे पाडणे हा रामबाण नव्हे

यावरून ‘मोठे काम अनेक कंपन्यांत वाटून द्या’ असा सोपा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. ब्रिटनने २००२ मध्ये आरोग्यसेवेसाठी राष्ट्रीय संगणकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. रुग्णाची नोंद देशात कोठेही उपलब्ध व्हावी, हे उद्दिष्ट. कामाची वाटणी मात्र भूगोलाप्रमाणे झाली. इंग्लंडचे पाच विभाग करून त्यांचे प्रचंड करार मोजक्या कंपन्यांना देण्यात आले. प्रणालीला हवी होती देशव्यापी सलगता आणि करार कापले गेले नकाशावरून. कंपन्या एकामागोमाग एक बाहेर पडल्या आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने कार्यक्रम मोडीत काढत असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे केंद्रीय संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा उलट चूक दिसली. पन्नासहून अधिक कंत्राटदार कामाला होते. ते सारे एकत्र गुंफण्याची जबाबदारी एका सरकारी विभागाने आपल्याकडे घेतली होती आणि त्याच्यापाशी ती क्षमता नव्हती. पहिल्या दिवशी या संकेतस्थळावरून विमा घेऊ शकलेल्यांची संख्या सहा होती. काम वाटायचे तर सांधे कोणीतरी सांभाळावे लागतात. ते काम बाहेर द्या किंवा स्वतः करा. पण ते कोणाचे, हे आधी ठरले पाहिजे. अमेरिकी काँग्रेसने मोठ्या संरक्षण-प्रकल्पांना सुटे भाग व खुल्या जोडण्या यांची रचना कायद्यानेच बंधनकारक केली.

दोन पुस्तके, एक प्रणाली

भारतात संरक्षण खरेदीची भांडवली बाजू १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या संरक्षण संपादन कार्यपद्धतीने चालते. देखभाल, सुटे भाग, सेवा अशा महसुली खर्चासाठी वेगळी नियमपुस्तिका आहे. तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रणगाडा किंवा जहाज यांच्यासाठी ही विभागणी समजण्यासारखी आहे. जहाज एकदा बांधले जाते आणि मग त्याची देखभाल होते. सॉफ्टवेअर असे नसते. ते चालू झाल्यावरच खरे घडू लागते. नवा धोका दिसला, नवी संस्था जोडली, नवे उपकरण आले की त्यात बदल करावा लागतो. हा बदल भांडवली की महसुली, या प्रश्नावर फाइल अडते. परिणामी अधिकारी पुढच्या दहा वर्षांत लागू शकणारी प्रत्येक गोष्ट पहिल्याच करारात कोंबण्याचा प्रयत्न करतात आणि प्रणाली जड, एकसंध आणि हलवायला अवघड होते. एका सजीव वस्तूची खरेदी दोन पुस्तकांतून करायची, तर तिचे दोन तुकडे होणारच.

त्यातच गरजांचा तक्ता. संरक्षण खरेदीत सेनादलांच्या गुणात्मक गरजा आधी निश्चित होतात आणि चाचण्या त्या तक्त्याशी ताडून होतात. तोफेचा पल्ला असा लिहिता येतो. ‘ही प्रणाली पाच वर्षांनी तिऱ्हाइताला सहज बदलता आली पाहिजे’ ही गरज किलोमीटरमध्ये लिहिता येत नाही. ती लिहिली तरी मैदानी चाचणीत तपासता येत नाही. जे तपासता येत नाही ते गुणांकनात येत नाही, आणि गुणांकनात नसलेल्या गोष्टीसाठी सर्वांत कमी बोली लावणारा एक रुपयाही खर्च करत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने काही प्रकारच्या खरेदीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी गुण कशाला द्यायचे हे ठरवणारा माणूस रचना समजणारा नसेल, तर ते ३० टक्के सादरीकरणाच्या चकचकीतपणाला आणि कंपनीच्या उलाढालीला जातात.

अधिकाऱ्यांवर सारा दोष टाकणेही अन्यायाचे होईल. सर्वांत कमी बोली स्वीकारणाऱ्याला लेखापरीक्षक किंवा दक्षता आयोग जाब विचारत नाही. अधिक किमतीची पण उद्या मोकळीक देणारी रचना निवडणाऱ्याला निवृत्तीनंतरही उत्तरे द्यावी लागू शकतात. वाचलेले दहा कोटी फाइलवर दिसतात. दहा वर्षांनंतर एका कंपनीच्या कचाट्यात सापडल्याने गेलेले शंभर कोटी कोणाच्याच फाइलवर दिसत नाहीत. ज्या चुकीची नोंद होत नाही, ती चूक पुन्हा पुन्हा होते.

पालघरची नौका आणि गुरुग्रामचा पडदा

आता पुन्हा समुद्राकडे वळू. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात, पंतप्रधानांनी मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क-यंत्रणेची देशव्यापी योजना सुरू केली. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाची उपग्रह-संपर्क उपकरणे बसवायची आहेत. समुद्रात संकटात सापडलेल्या मच्छीमाराला निरोप देता-घेता यावा, हा तिचा मुख्य हेतू. सुरक्षेच्या दृष्टीने तिचे मोल त्याहून मोठे आहे. वीस मीटरहून लांब मासेमारी नौकांवर ओळख-संदेश देणारे उपकरण सक्तीचे आहे. त्याहून लहान नौका आजवर या जाळ्याच्या छिद्रांतून निसटत आल्या आहेत. ‘कुबेर’चा धडा आठवला तर हे छिद्र किती मोठे आहे, ते सांगावे लागत नाही.

नौकेवरचे उपकरण मत्स्यव्यवसाय खात्याच्या योजनेतून येते. किनाऱ्यावरचे रडार आणि गुरुग्रामचा पडदा संरक्षण खात्याच्या. बंदरातील वाहतूक-नियंत्रण यंत्रणा तिसऱ्या मंत्रालयाची, किनारी पोलीस राज्यांचे. प्रत्येकाची निविदा वेगळी, कराराचा कालावधी वेगळा, मानके वेगळी असू शकतात. डहाणू किंवा सातपाटीच्या नौकेचा ठावठिकाणा योग्य वेळी योग्य पडद्यावर उमटेल की नाही, हे रडारच्या पल्ल्यापेक्षा या कागदांवर अधिक अवलंबून आहे. माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची, किती सेकंदांत द्यायची, तिचा मालक कोण आणि मच्छीमाराच्या खासगीपणाचे रक्षण कसे व्हायचे, ही कलमे प्रत्येक करारात सारखी नसतील, तर प्रत्येक जोडणीसाठी नवा प्रस्ताव, नवी मंजुरी आणि नवा खर्च लागेल. मनमाडची ती चढउतार मग समुद्रावर सुरू होईल. फरक इतकाच, की येथे पोत्यांऐवजी तासांचा विलंब मोजावा लागेल.

म्हणून नव्या राष्ट्रीय जाळ्याच्या निमित्ताने काही शिस्त आताच लावून घेणे शहाणपणाचे ठरेल. पहिली गोष्ट, ‘आवश्यकतेची स्वीकृती’ देताना गरजांच्या तक्त्याबरोबर रचनेचे टिपण जोडलेले असावे. प्रणालीचे भाग कोणते, कोणता भाग लवकर बदलेल, कोणता दीर्घकाळ टिकेल आणि त्यानुसार करारांची कापणी कोठे करायची, हे त्यात असावे. भराभर बदलणारे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर आणि पंधरा वर्षे टिकणारे रडार एकाच करारात, एकाच मुदतीत बांधण्याचे काहीच कारण नाही.

दुसरी गोष्ट, भागांमधल्या जोडण्यांची मानके आणि त्यांतून वाहणारी माहिती निर्विवादपणे सरकारच्या मालकीची असावी. केंद्र सरकारने खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि खुल्या जोडण्यांचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले आहे. त्यांना निविदेत गुण आणि करारात दंड जोडला की ती जिवंत होतील. तिसरी, पैसे चालू भागांच्या बदल्यात द्यावेत, पोहोचलेल्या पेट्यांच्या बदल्यात नव्हे. चौथी, करारातून बाहेर पडण्याची किंमत बोलीतच मागवावी. नव्या पुरवठादाराकडे काम सोपवायला किती महिने व किती पैसे लागतील, हे प्रत्येक बोलीदाराने पहिल्याच दिवशी लिहून द्यावे आणि त्याची किंमत एकूण बोलीत धरावी. स्वस्त वाटणाऱ्या कित्येक बोली मग स्वस्त राहणार नाहीत.

पाचवी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे माणसे. रचनेची मालकी कागदाने मिळत नाही. ती समजणारी माणसे पदरी असावी लागतात. सल्लागार कंपनीने निविदा लिहायची, दुसऱ्या कंपनीने काम करायचे आणि तिसरीने त्याची तपासणी करायची, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. तिच्यात सरकार केवळ सही करणारे उरते. सेनादलांत आणि मंत्रालयांत मुख्य रचनाकाराचे पद हवे, आणि त्या पदावरील अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली न होता प्रकल्पाचा एक टप्पा पूर्ण होईपर्यंत त्याला तेथे ठेवले पाहिजे. गुरुग्राममध्ये यासाठी माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. प्रश्न त्यांना सरकारात आणण्याच्या आणि टिकवण्याच्या नियमांचा आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. सुरक्षेच्या प्रणालीत अनेक पुरवठादार आणि खुली मानके म्हणजे गळतीला निमंत्रण नव्हे का? जोडणीचे मानक खुले असणे आणि माहिती खुली असणे यांत फरक आहे. कुलपाच्या मापाचे प्रमाण सर्वांना ठाऊक असते, म्हणून प्रत्येकाच्या हाती किल्ली येत नाही. काही गाभ्याचे भाग एकाच विश्वासू सार्वजनिक उपक्रमाकडे ठेवणे उचितही ठरेल. मात्र तो निर्णय रचनेच्या टिपणात कारणांसह लिहिलेला असावा. निविदेच्या सोयीतून तो आपोआप घडू नये. एकच पुरवठादार निवडणे हे धोरण असू शकते. एकाच पुरवठादारापाशी अडकून पडणे हे धोरण नव्हे.

रेल्वेचे रूळ निदान डोळ्यांना दिसत होते. मिरजेच्या फलाटावर उभा असलेला कोणीही प्रवासी दोन मार्गांच्या रुंदीतला फरक बोटाने दाखवू शकत असे आणि म्हणूनच तो प्रश्न राजकारणात आला, त्यासाठी मागण्या झाल्या, शेवटी तो सुटला. सॉफ्टवेअरमधला असा फरक कोणाला दिसत नाही. तो कळतो तो एखाद्या रात्री, जेव्हा एका खात्याच्या पडद्यावर असलेला ठिपका दुसऱ्या खात्याच्या पडद्यावर नसतो. कराराचा मसुदा अजून टेबलावर आहे, तोवरच तो ठिपका जागेवर आणता येतो.